निमंत्रण कोणाला?

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड गाद्या, आणि विद्यापीठांच्या संघांचा खेळ बघायला एकेका मैदानावर लाखभर माणूस. हंगाम साधारण ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. तेवढ्यात एक संघ जेमतेम बारा सामने खेळतो आणि सर्वोच्च विभागात आज १३० हून अधिक संघ आहेत. त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. आपल्याकडे रणजी करंडकात गटातले गुण मोजून बाद फेरी लावतात. तिथे कित्येक दशके बाद फेरी नव्हतीच. हंगाम संपला की नवीन वर्षाच्या आसपास मोजके मोठे सामने होत, त्यांना बाउल म्हणत, आणि तिथे खेळायला निमंत्रण यावे लागे. ते कोणाला द्यायचे आणि कोणी द्यायचे, यावरून तो देश शंभर वर्षे भांडत आला आहे. या भांडणाचे मूळ खेळात नाही, पर्यटनात आहे. ते लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये १८९० च्या १ जानेवारीला फुलांची मिरवणूक निघाली. पूर्वेकडची शहरे बर्फाखाली असताना आमच्याकडे गुलाब फुलतात, हे लोकांना दिसावे आणि त्यांनी इकडे यावे, एवढाच हेतू. उत्सव वाढला, तसे लोकांना बांधून ठेवणारे आणखी काही हवे झाले. १ जानेवारी १९०२ ला आयोजकांनी मिशिगनचा संघ रेल्वेने पार पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि स्टॅनफर्डसमोर उभा केला. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट आदल्याच हंगामापर्यंत स्टॅनफर्डला शिकवत होते. सामना इतका एकतर्फी झाला की ४९-० असताना, आठ मिनिटे शिल्लक ठेवून, स्टॅनफर्डने खेळ थांबवण्याची विनंती केली. आयोजकांनी फुटबॉलचा नाद सोडला. पुढची काही वर्षे त्याच उत्सवात रोमन धाटणीच्या रथांच्या शर्यती झाल्या, एका वर्षी शहामृगांचीही झाली. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये, आणि मग मात्र कायमचा राहिला. त्या सामन्यात ब्राउन विद्यापीठाकडून फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावे.

पॅसाडेनाला मिळालेली प्रसिद्धी बघून बाकीची उबदार शहरे कामाला लागली. मंदीच्या त्या वर्षांत मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लीन्सचा शुगर बाउल आणि एल पासोचा सन बाउल हे तिन्ही १९३५ च्या १ जानेवारीला सुरू झाले. १९३७ मध्ये डॅलसच्या जे. कर्टिस सॅनफर्ड या तेल व्यावसायिकाने कॉटन बाउल उभा केला. प्रत्येक बाउलची समिती वेगळी, तीत गावातले व्यापारी, हॉटेलवाले, बँकर, वकील. ऑरेंज बाउलची माणसे नारिंगी कोट घालून गावोगाव सामने बघत फिरत. त्यांना चांगला संघ हवाच असे, पण त्याहून आधी एक हिशोब असे. या संघामागे किती लोक येतील, किती रात्री राहतील, किती खर्च करतील? दोन तुल्यबळ संघांत जो जास्त गर्दी आणेल त्याला बोलावणे जाई. यात त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. उत्सव त्यांचा होता, पाहुणे निवडायचा हक्कही त्यांचाच. अडचण पुढे आली, जेव्हा या पाहुणचारालाच लोक राष्ट्रीय विजेतेपदाची कसोटी समजू लागले.

पण यजमानाला पाहुणे निवडायचा हक्क दिला की कोणाला दारातूनच परत पाठवायचे हाही हक्क त्याला मिळतो. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. त्या संघातले जिनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर आणि ऑली मॅटसन हे तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. तरीही बोलावणे आले नाही. संघात दोघे कृष्णवर्णीय होते, मॅटसन आणि बर्ल टोलर. या दोघांना घरी ठेवून आलात तर विचार होईल, असे सुचवले गेले. खेळाडूंनी ते तिथल्या तिथे नाकारले. विद्यापीठाची आर्थिक स्थिती बिकट होती, बाउलच्या पैशाने संघ तरला असता. तो हंगाम संपताच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. वीस-बावीस वर्षांच्या त्या मुलांनी दोन मित्रांसाठी आपला संघच गमावला. त्यांच्या नावावर एकही बाउल विजय नाही, पण या खेळाच्या इतिहासात त्यांच्याइतका आदर मला दुसऱ्या कोणत्याच संघाबद्दल वाटत नाही. टोलर १९६५ मध्ये व्यावसायिक लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला.

चारच वर्षांनी न्यू ऑर्लीन्सच्या शुगर बाउलने जॉर्जिया टेक आणि पिट्सबर्ग यांना बोलावले. पिट्सबर्गकडे बॉबी ग्रीअर हा कृष्णवर्णीय फुलबॅक होता. पिट्सबर्गने स्पष्ट सांगितले, ग्रीअर आमच्याबरोबर राहील, जेवेल आणि खेळेल, आणि आमच्या प्रेक्षकांत वर्णावरून वेगवेगळ्या रांगा चालणार नाहीत. समितीने ते मान्य केले. तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन उठले. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी जॉर्जियातल्या सरकारी विद्यापीठांना खेळू देऊ नये, अशी तार त्यांनी विद्यापीठांच्या नियामक मंडळाला केली. ही गोष्ट डिसेंबर १९५५ च्या पहिल्या दोन दिवसांतली. शेजारच्या अलाबामात रोझा पार्क्स यांना बसमधल्या जागेवरून अटक झाली तो दिवस १ डिसेंबरच होता. यानंतर जे घडले त्याची गव्हर्नरांना कल्पना नसावी. जॉर्जिया टेकचे विद्यार्थी, सगळे गोरे, रात्री रस्त्यावर आले, गव्हर्नरांच्या प्रतिमा जाळल्या आणि मोर्चा त्यांच्या निवासस्थानापर्यंत नेला. ही सगळी मुले वर्णसमतेसाठी निघाली होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. बहुतेकांना आपला संघ न्यू ऑर्लीन्सला जायला हवा होता, इतकेच. पण त्या रात्री ती योग्य बाजूला उभी होती. विद्यापीठाचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लिअर मागे हटले नाहीत. मंडळाने परवानगी दिली.

२ जानेवारी १९५६ ला ग्रीअर मैदानात उतरला. शुगर बाउल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पहिल्याच सत्रात पंचांनी त्याच्याविरुद्ध पास नियमबाह्यपणे अडवल्याचा दंड दिला, चेंडू गोलरेषेजवळ आला आणि जॉर्जिया टेकने सामन्यातले एकमेव टचडाउन केले. ७-०. तो दंड चुकीचा होता, असे ग्रीअर नंतर सांगत राहिला. त्या उन्हाळ्यात, न्यू ऑर्लीन्स ज्यात येते त्या लुइझियाना राज्याने गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळण्यावर बंदी घालणारा कायदा केला. न्यायालयांनी तो पुढे रद्द ठरवला, पण तोवर शुगर बाउल दक्षिणेतल्या संघांपुरता उरला. उत्तरेतला सिरॅक्युसचा संघ कृष्णवर्णीय खेळाडूंसह तिथे पोचायला १९६५ उजाडावे लागले. या सगळ्या वर्षांत कोणता संघ किती चांगला, हा प्रश्न निवडीत कितवा होता हे ज्याने त्याने ठरवावे.

सर्वोत्तम संघ कोणता हे मात्र भलतेच लोक ठरवत होते. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडा पत्रकारांची मते घेऊन दर आठवड्याला क्रमवारी लावत असे. १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची मते घ्यायला सुरुवात केली. बाउलचा त्या मतांशी संबंध इतका कमी होता की अनेक वर्षे अंतिम मतदान बाउलच्या आधीच उरकले जाई. पत्रकारांनी ही रीत १९६८ पासून कायमची बदलली. प्रशिक्षकांना जाग यायला १९७३ चा हंगाम लागला. त्यांनी अलाबामाला विजेता घोषित केले, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री शुगर बाउलमध्ये नॉत्र दामने त्याच अलाबामाला २४-२३ असे हरवले. पुढच्या हंगामापासून प्रशिक्षकही सामने संपेपर्यंत थांबू लागले.

तोवर बाउल आणि विद्यापीठांच्या गटांमध्ये करार झाले होते. शेजारपाजारच्या विद्यापीठांच्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मध्यपश्चिमेच्या आणि पॅसिफिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सनी १९४६ मध्ये पॅसाडेनाच्या सामन्याशी, म्हणजे रोझ बाउलशी, करार केला, आणि मग दोन्हींचे संघ ठरल्याप्रमाणे तिथे जाऊ लागले. त्यामुळे देशातले पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ वेगवेगळ्या करारांत अडकले तर त्यांची गाठच पडत नसे. करारात नसलेल्या जागांसाठी तर शर्यत लागे. नोव्हेंबरमधल्या ठरलेल्या दिवसाआधी निमंत्रण देऊ नये असा नियम होता, पण शब्द आधीच गेलेले असत. कोणी तरी दुसरे आधी गाठेल या भीतीने समित्या घाई करत. १९९० मध्ये व्हर्जिनियाचा संघ ऑक्टोबरच्या उत्तरार्धात देशात पहिला होता. मग तो जॉर्जिया टेककडून हरला, आणखी दोनदा हरला, तरी शुगर बाउलला गेला तोच. त्याला हरवणारा, एकही सामना न गमावलेला जॉर्जिया टेक त्याहून लहान सिट्रस बाउलला गेला, तिथे नेब्रास्काला ४५-२१ असे धुतले आणि प्रशिक्षकांच्या मतांनी विजेता ठरला. पत्रकारांचा विजेता होता कोलोरॅडो. पुढच्याही वर्षी दोन विजेते, मायामी आणि वॉशिंग्टन.

दोन वर्षे लागोपाठ असे झाल्यावर कॉन्फरन्सचे आयुक्त एकत्र बसले. १९९२ मध्ये बाउल कोएलिशन झाली, १९९५ मध्ये बाउल अलायन्स. दोन्हींत रोझ बाउल नव्हता, म्हणून दोन्ही लंगड्या. शेवटी १९९८ मध्ये दक्षिण-पूर्व कॉन्फरन्सचे आयुक्त रॉय क्रेमर यांच्या पुढाकाराने बाउल चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे बीसीएस, उभी राहिली. विचार साधा होता. माणसांची मते, संगणकांची क्रमवारी, प्रतिस्पर्धी किती तगडे होते त्याचे गुण आणि पराभवांची संख्या, सगळे एका सूत्रात घालायचे. वर येतील ते पहिले दोघे अंतिम सामना खेळतील. नारिंगी कोटांचा आणि पत्रकारांचा लहरीपणा आकड्यांनी निघून जाईल.

२००१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, नेब्रास्का कोलोरॅडोकडून ६२-३६ असा हरला. तो स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोचला नाही. तरी सूत्राने त्याला दुसरे स्थान दिले, तिसऱ्या आलेल्या कोलोरॅडोच्या पाच शतांश गुण पुढे. दोन्ही मतदानांत दुसरा असलेला ओरेगन बाहेर राहिला. रोझ बाउलमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात मायामीने नेब्रास्काला ३७-१४ असे हरवले. ओरेगनने फिएस्टा बाउलमध्ये त्याच कोलोरॅडोला ३८-१६ असे गुंडाळले. दर अशा प्रसंगानंतर सूत्र दुरुस्त होई, आणि दुरुस्ती गेल्या वर्षीच्या तक्रारीची असे. २००३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया पत्रकारांत आणि प्रशिक्षकांत दोन्हीकडे पहिला होता, पण सूत्रात तिसरा. कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा मार खाल्लेला ओक्लाहोमा सूत्रात पहिलाच राहिला. अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने ओक्लाहोमाला हरवले. त्या सामन्याच्या विजेत्यालाच मत द्यायचे असे प्रशिक्षकांना बंधन होते, तरी तिघांनी ते मोडले. पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेता केले. पुन्हा दोन विजेते, ज्यांच्यापायी बीसीएस आणली तेच. पुढच्या वर्षी ऑबर्न सगळे सामने जिंकूनही बाहेर राहिला, आणि आमची क्रमवारी तुमच्या सूत्रात वापरू नका असे असोसिएटेड प्रेसने कळवून टाकले.

संगणकांबद्दलची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सूत्रात सहा जणांच्या संगणकीय क्रमवाऱ्या होत्या. त्यांतल्या पाच जणांनी आपले गणित गुप्त ठेवले होते. आपली पद्धत संपूर्ण प्रसिद्ध करणारा एकच, वेस्ली कॉली हा खगोलभौतिकीचा अभ्यासक. डिसेंबर २०१० मध्ये अंतिम क्रमवारी जाहीर झाली आणि जेरी पाम या विश्लेषकाने कॉलीचे आकडे स्वतः मांडून पाहिले. जुळेनात. खालच्या विभागातला अ‍ॅपलाचियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांचा एक सामना नोंदीतून सुटला होता. वरच्या संघांशी थेट संबंध नसलेला सामना, पण तो घालताच बॉयसी स्टेट अकराव्यावरून दहाव्या स्थानी आला आणि लुइझियाना स्टेट अकराव्यावर गेला. बाउलच्या जोड्यांवर त्या वर्षी परिणाम झाला नाही. चूक सापडली, कारण गणित उघडे होते. उरलेल्या पाचांत असे काही होते का, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येत नव्हते. कोट्यवधी डॉलर आणि मुलांच्या चार वर्षांची मेहनत ज्या आकड्यांवर अवलंबून, ते आकडे झाकून ठेवू दिले जात होते, आणि याला लोक वस्तुनिष्ठता म्हणत होते.

झाकलेले आणखीही बरेच होते. बाउलला गेलेल्या विद्यापीठाने ठराविक तिकिटे विकत घ्यायची असा करार असे, मग ती खपोत न खपोत. जानेवारी २०११ मध्ये कनेटिकट विद्यापीठ आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या बाउलला गेले. फिएस्टा बाउलची १७,५०० तिकिटे त्याच्या गळ्यात पडली, बहुतेक खपली नाहीत, आणि विद्यापीठाला पंधरा लाख डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याच वर्षी फिएस्टा बाउलचे प्रमुख जॉन जंकर यांना पदावरून काढले, कारण कर्मचाऱ्यांकरवी राजकीय देणग्या देऊन त्यांची भरपाई बाउलच्या पैशातून केल्याचे उघड झाले होते. पुढे त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. लहान कॉन्फरन्सचे संघ तर दाराबाहेरच उभे होते. बॉयसी स्टेटने २००७ मध्ये ओक्लाहोमाला अतिरिक्त वेळेत ४३-४२ असे हरवले. युटाने २००९ मध्ये अलाबामाला ३१-१७ असे हरवले. दोघेही त्या हंगामात अपराजित, दोघांनाही अंतिम सामना नाही. निवडून आल्या आल्या बराक ओबामांनी दूरचित्रवाणीवर आठ संघांची बाद फेरी हवी असे सांगितले. काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या.

बीसीएस मोडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. २०११ च्या हंगामात अंतिम सामन्याचे दोन्ही संघ एकाच कॉन्फरन्सचे निघाले, लुइझियाना स्टेट आणि अलाबामा. आधी एकदा खेळून झालेलेच. बाकीच्या बड्या कॉन्फरन्सना आता स्वतःची झळ लागली. जून २०१२ मध्ये विद्यापीठांच्या अध्यक्षांनी चार संघांची बाद फेरी मंजूर केली. ते चार निवडायला संगणक नकोत, तेरा माणसांची समिती असेल असे ठरले. डॅलसजवळच्या ग्रेपव्हाइनमधल्या एका हॉटेलात ही समिती बसते. प्रत्येक सदस्य आधी आपापल्या मनातले तीस संघ लिहून देतो. मग थोड्या थोड्या संघांचे गट करून मतदान होते. ज्याच्याशी आपला संबंध आहे त्या संघाची चर्चा निघाली की सदस्याला उठून खोलीबाहेर जावे लागते. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस होत्या. त्या कधी कॉलेज फुटबॉल खेळल्या नाहीत, त्यांना काय कळणार, असे काही पुरुषांनी जाहीर म्हटले. मी तर म्हणेन, खोलीत असा एखादा तरी माणूस हवा होताच.

पहिल्याच वर्षी, २०१४ मध्ये, तिसऱ्या क्रमांकावरचा टेक्सस ख्रिश्चन संघ शेवटचा सामना ५५-३ असा जिंकूनही सहाव्यावर ढकलला गेला. चौथी जागा ओहायो स्टेटला मिळाली, आणि त्याने विजेतेपद मिळवल्यावर समितीवरची टीका विरली. २०२३ मध्ये मात्र ती विरली नाही. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, कॉन्फरन्स जिंकली. नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता. त्याच्याशिवाय उरलेले दोन्ही सामने संघाने जिंकले, कॉन्फरन्सचा अंतिम सामना तर तिसऱ्या क्रमांकाच्या नवख्या मुलाला घेऊन. समितीने त्यांना पाचवे ठेवले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला आत घेतले. ट्रॅव्हिसशिवाय हा तो संघ राहिला नाही, असे कारण दिले. नियमांत खेळाडूंच्या दुखापतीचा विचार करायची मुभा आहे, हे खरे. पण जिंकलेले सामने बाजूला ठेवून न खेळलेल्या सामन्याचा निकाल गृहीत धरणे मला अन्यायाचे वाटते. माझा पाय हंगामाच्या सुरुवातीलाच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे बाकीचा संघ किती चांगला आहे हे लोकांना दिसले असते, अशा अर्थाचे ट्रॅव्हिसने लिहिले. दुखापतग्रस्त मुलाला असे लिहावे लागले. ऑरेंज बाउलमध्ये फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने त्यांना ६३-३ असे हरवले. समिती बरोबर होती याचा पुरावा म्हणून हा आकडा पुढे करणारे लोक फ्लोरिडा स्टेट मैदानात कोणाला घेऊन उतरला होता हे सांगत नाहीत.

२०२४ पासून बारा संघ आले. सर्वोच्च पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हमखास जागा, बाकी सात समितीच्या पसंतीचे. पहिली फेरी बाउल शहरांत न ठेवता विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर ठेवली, डिसेंबरच्या थंडीत, आणि वातावरण असे तापले की हे आधीच का केले नाही असे अनेकांना वाटले. वाद चौथ्या जागेवरून बाराव्या जागेपाशी गेला. या वेळी बाहेर राहण्याची पाळी अलाबामाची होती. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही न पोचलेला ओहायो स्टेट आत आला. ज्या ओरेगनकडून तो ऑक्टोबरात एका गुणाने हरला होता, त्याच अपराजित ओरेगनला त्याने रोझ बाउलमध्ये ४१-२१ असे हरवले आणि पुढे विजेता झाला. जुन्या बीसीएसमध्ये त्याला अंतिम सामन्याचे दारही दिसले नसते. बॉयसी स्टेट समितीच्या क्रमवारीत नववा होता. पण पहिल्या चार मानांकनांवर कॉन्फरन्स विजेत्यांचा हक्क असल्यामुळे त्याला तिसरे मानांकन आणि पहिल्या फेरीची सूट मिळाली. फिएस्टा बाउलमध्ये पेन स्टेटने त्याला ३१-१४ असे हरवले. मे २०२५ मध्ये तो नियम बदलला. आता ती सूट समितीच्या क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना मिळते, मग ते आपल्या कॉन्फरन्सचे विजेते असोत वा नसोत.